केकोवाच्या बुडालेल्या गावांत

तुर्कस्तानला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी इस्तंबूलचं आणि कप्पाडोकियाच्या फुग्यांचं विचारतात. आम्ही यंदा या दोन्ही ठिकाणी गेलोच नाही. इस्तंबूलला फक्त विमान बदललं, दालामानला उतरलो आणि सरळ दक्षिण किनारा धरला. नवरा, मी, दादा आणि वहिनी असे चौघं. जायचं होतं ते केकोवाला. भूकंपात किनाऱ्यासकट खचून समुद्राखाली गेलेली प्राचीन गावं तिथे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मी शाळेत भूगोल शिकवते आणि माझं माहेर औसा तालुक्यातलं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. त्यामुळे भूकंपाच्या धड्यापाशी आले की माझा तास नेहमी लांबतो. ही गावं एकदा स्वतः जाऊन बघायची, हे बरीच वर्षं मनात होतं.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा आम्ही मुद्दाम निवडला. उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते, समुद्र अजून कोमट असतो आणि डोंगरातल्या वाटांवर ऊन सोसवतं.

शनिवार, काश

दालामानहून काशला येताना शेवटचा रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्या मधून वळणं घेत जातो. तोरोसचे डोंगर इथे थेट पाण्यात उतरतात, मध्ये सपाटी अशी नाहीच. सगळा इतिहास त्यामुळे एका चिंचोळ्या पट्टीवर घडलेला आहे. या भागाचं जुनं नाव लिसिया. ग्रीकांच्या आणि रोमनांच्या आधीपासून इथे स्वतःची भाषा, स्वतःची लिपी आणि स्वतःचा नगरसंघ असलेले लोक राहत होते.

काशचं जुनं नाव अँटिफेलोस. गावातल्या दुकानांच्या चढावर, बोगनवेलीच्या सावलीत, एक उंच दगडी शवपेटी उभी आहे आणि तिच्या झाकणाला सिंहाची तोंडं कोरलेली आहेत. लोक तिच्या ओट्यावर बसून आइस्क्रीम खातात, पोरं तिच्याभोवती पळापळी खेळतात. सूर्यास्ताला आम्ही समुद्राकडे तोंड असलेल्या जुन्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. समोर मेइस, म्हणजे ग्रीसचं कास्तेलोरिझो बेट, इतकं जवळ की तिथले दिवे लागलेले दिसतात. आमच्या खालच्या रांगेत एक कुटुंब थर्मासमधून चहा आणि पिशवीभर सूर्यफुलाच्या बिया घेऊन बसलं होतं. त्यांनी आमच्या हातावर मूठमूठ बिया ठेवल्या आणि पुन्हा समुद्राकडे बघत बसले.

याच काशच्या आग्नेयेला उलुबुरून नावाचं भूशिर आहे. तिथे १९८२ मध्ये मेहमेत चाकर या स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला तळाशी धातूच्या लाद्या दिसल्या. निघालं ते इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातलं बुडालेलं जहाज. पुढे १९८४ ते १९९४ अशी दहा वर्षं त्याचं उत्खनन चाललं. सुमारे दहा टन तांबं आणि एक टन कथील, शिवाय काच, हस्तिदंत आणि आबनूसाचं लाकूड. या वस्तू बघायला बोद्रुमच्या संग्रहालयात जावं लागतं. पण इथली गावं कशावर जगत होती, ते या एका जहाजावरून कळतं. समुद्र हा त्यांचा हमरस्ता होता. पाण्याला इतकं खेटून घरं का बांधली, याचं उत्तर त्यातच आहे.

रात्री जेवायला छोट्या थाळ्यांचा मारा झाला. ऑलिव्ह तेलातल्या चवळीच्या शेंगा, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात आणि विस्तवावर भाजलेल्या वांग्यात दही-लसूण. वहिनीने पहिल्याच घासाला जाहीर केलं, "हे आपलं दह्यातलं भरीत आहे, फक्त फोडणी विसरलेत." शाकाहारी माणसाची या किनाऱ्यावर अजिबात उपासमार होत नाही. "एतसिझ", म्हणजे मांसाशिवाय, एवढा एक शब्द पाठ करून जा. भाताबद्दल मात्र विचारून घ्या, तो कधीकधी मटणाच्या किंवा कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असतो.

व्हिसाबद्दल थोडं : अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो. नसेल तर रीतसर अर्ज करून पासपोर्टवर व्हिसा घ्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. नियम बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी ताजी माहिती बघा.

रविवार, उचाअझ आणि केकोवा

काश-देमरे महामार्गावरून एक फाटा खाली समुद्राकडे जातो आणि उचाअझला संपतो. मच्छीमारांचं छोटं गाव, पंधरा-वीस लाकडी धक्के, प्रत्येक धक्क्यावर एक खाणावळ. बहुतेक लोक काशहून दिवसभराच्या मोठ्या बोटीने येतात आणि केकोवा बघून संध्याकाळी परततात. मी सांगेन, उचाअझला मुक्काम करा आणि तिथून छोटी बोट ठरवा. मोठ्या बोटींवर गाणी लावलेली असतात, पोहण्याचे थांबे जास्त आणि अवशेषांपाशी जेमतेम वीस मिनिटं मिळतात. आम्हाला जी बोट मिळाली तिच्या तळाला काचेची खिडकी होती आणि कप्तान साठीचा, मितभाषी. दादाने त्यांना खुणेने सांगितलं, हळू न्या. त्यांनी मान डोलावली आणि खरंच हळू नेलं.

केकोवा हे किनाऱ्याला समांतर पसरलेलं लांबट बेट आहे. आज तिथे वस्ती नाही. त्याच्या उत्तरेच्या, म्हणजे मुख्य भूमीकडच्या, काठावर दोलिखिस्ते नावाचं गाव होतं. बोट काठाच्या जवळ गेली आणि आधी दिसल्या त्या खडकात उभ्या कापलेल्या भिंती. घराची मागची भिंत डोंगरातच कोरून काढायची आणि पुढची बाजू दगड-लाकडाने बांधायची, अशी इथली पद्धत. पुढचं सगळं गेलंय, मागची भिंत राहिलीय. तिच्यात ओळीने चौकोनी खोबण्या दिसतात. वरच्या मजल्याच्या तुळयांची टोकं त्यांत बसवलेली असायची. खोबण्यांची ओळ पकडली की मजला किती उंचीवर होता ते कळतं आणि मग घर डोळ्यांपुढे उभं राहतं.

आणि मग जिना आला. अखंड खडकात कोरलेला, माणूसभर रुंदीचा. वरच्या पायऱ्या कोरड्या आणि चुनखडीच्या पांढऱ्या. पाण्याच्या रेषेवर शेवाळाचा काळपट पट्टा. त्याच्या खालच्या पायऱ्या आधी हिरवट, मग निळ्या, आणि शेवटची दिसते न दिसते तोवर बोटीची सावली तिच्यावरून सरकली. कप्तानांनी इंजिन बंद केलं होतं. काचेतून भिंतींच्या पायांच्या रेषा दिसत होत्या, काटकोनात वळणाऱ्या. मध्ये मध्ये मातीच्या रांजणांचे कान आणि गळे तळाला घट्ट चिकटून दगड झालेले. वहिनी बराच वेळ खडकातल्या एका खोल चौकोनी खळग्याकडे बघत होती. "हौद असणार," ती म्हणाली. बरोबर होतं. बेटावर गोड्या पाण्याची वानवा, पावसाचं पाणी साठवल्याशिवाय इथे राहताच येत नव्हतं.

दादाने अपेक्षित प्रश्न विचारला, "म्हणजे द्वारकेसारखं?" द्वारका आणि बेट द्वारकेला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात शोधमोहिमा काढल्या. पाण्याखाली बांधीव दगड आणि भरपूर दगडी नांगर मिळाले. पण तिथलं पाणी गढूळ आणि कारणांचा वाद मोठा. केकोवाशी खरं नातं सांगणारी आपल्याकडची जागा कच्छच्या रणात आहे. १६ जून १८१९ च्या भूकंपात सिंद्रीच्या किल्ल्याभोवतीची जमीन खचली, समुद्राचं पाणी आत शिरलं आणि किल्ला बुडाला. त्याच धक्क्यात उत्तरेला काही मैलांवर जमिनीची लांबच लांब पट्टी वर उचलली गेली. तिला लोकांनी अल्लाबंद म्हटलं. एक बाजू खाली, एक बाजू वर.

इथेही तसंच आहे, फक्त पट मोठा. आफ्रिकेचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत अनातोलियाच्या खाली घुसतो आहे. त्या ताणाने वरचं कवच तुकड्या-तुकड्यांत फाटलेलं आहे आणि मोठ्या धक्क्याला एखादा तुकडा खाली बसतो, एखादा वर येतो. २१ जुलै ३६५ च्या भूकंपात क्रीट बेटाचा पश्चिम किनारा नऊ मीटरपर्यंत वर उचलला गेला आणि तिथलं फालासार्नाचं बंदर कोरडं पडलं. केकोवाचा तुकडा उलट खाली गेला. गेल्या दोन हजार वर्षांत समुद्राची स्वतःची पातळी इथे मीटरभराच्या आतच चढली असेल, त्यामुळे एवढं गाव पाण्याखाली जायला जमीनच खचायला हवी. हे मी वर्गात फळ्यावर कितीदा काढून दाखवलंय. त्या जिन्यापाशी मात्र मला आकृती आठवली नाही. खालच्या पायरीवर होडी बांधून, मासळीची टोपली डोक्यावर घेऊन वर चढणारी बाईच आठवत राहिली.

एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. वाटाड्या पुस्तकांत आणि बोटीवरच्या भोंग्यावर "एका रात्रीत बुडालेलं शहर" असं सांगतात. तसं झालेलं नाही. दुसऱ्या शतकातल्या भूकंपांनी दोलिखिस्तेचं मोठं नुकसान केलं, पण लोक परत आले. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, काळात गाव पुन्हा भरभराटीला आलं. बेटाच्या तेर्साने नावाच्या खाडीत त्या काळातल्या चर्चचे अवशेष अजून काठावर आहेत. नंतर अरबांच्या सागरी धाडी सुरू झाल्या आणि तेव्हा हळूहळू बेट ओस पडलं. धरणी हलल्यावरही माणसं इथे कित्येक शतकं राहिली.

१९९० पासून हा भाग संरक्षित आहे. बुडालेल्या गावावर पोहणं, पाण्यात बुडी मारणं, नांगर टाकणं आणि काठावर उतरणं यांना मनाई आहे. कृपा करून कप्तानांना "पाचच मिनिटं" म्हणून गळ घालू नका. पोहायला तेर्सानेची आणि आजूबाजूची खाडी आहे. कयाक घेऊन काठाकाठाने जाता येतं आणि हात चालत असतील तर तेच सगळ्यांत चांगलं, कारण पाणी आणि तुमच्यात काचही राहत नाही. सकाळी नऊच्या आत निघा. दुपारी वारा सुटला की पाण्यावर सुरकुत्या पडतात आणि तळ दिसेनासा होतो.

सोमवार, कालेकोय

पहाटेपासून दक्षिणेचा वारा सुटला. इथे त्याला लोदोस म्हणतात. बंदरातल्या बोटी दोरांना हिसके देत होत्या, आकाश पिवळट. कप्तानांनी आभाळाकडे बोट दाखवून नकाराची मान हलवली. मग पायी निघालो. उचाअझहून कालेकोयला जाणारी पाऊलवाट प्राचीन तेमिउसाच्या दफनभूमीतून निघते. समुद्राच्या कडेला, झुडपांत, कुणाच्या परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून, अशा डझनावारी दगडी शवपेट्या. झाकणं उलट्या ठेवलेल्या नावेच्या आकाराची. जवळ जाऊन पाहिलं की दगडातच लाकडी वाशांची टोकं कोरलेली दिसतात, कारण लिसियाचे लोक मेलेल्या माणसाला त्याच्या घरासारखंच घर देत.

कालेकोय म्हणजे जुनं सिमेना. गाडीरस्ता नाही, बोट किंवा पाय. टेकडीवर किल्ला आहे, तो मध्ययुगात सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे एका ख्रिस्ती लढवय्या पंथाने, जुन्या पायावर उभारला. किल्ल्याच्या आत खडकात कोरलेलं चिमुकलं नाट्यगृह आहे, बसायच्या सात रांगा, जेमतेम तीनशे माणसं मावतील. अख्ख्या गावासाठी एवढंच पुरेसं होतं. वारा इतका होता की वहिनीचा दुपट्टा तटबंदीच्या पलीकडे जायला निघाला. वरून केकोवा बेट, मधला समुद्र आणि खाली पाण्यात उभी असलेली ती प्रसिद्ध शवपेटी, सगळं एका नजरेत येतं.

ती शवपेटी कालेकोयच्या धक्क्याजवळ उथळ पाण्यात एकटी उभी आहे. सगळ्या पोस्टकार्डांवर तीच असते. ती पाण्यात बांधलेली नव्हती. ज्याने ती घडवून घेतली त्याने कोरड्या जमिनीवर, किनाऱ्यापासून अंतर राखून जागा निवडली होती. आम्ही उतरून तिच्यापाशी गेलो तेव्हा लाटा ओट्यावर फुटत होत्या आणि एक पाणपक्षी झाकणाच्या कडेवर पंख पसरून वाळवत बसला होता.

किल्ल्याच्या चढावर गावातल्या बायका रुमाल विकतात, कडेला सुईने विणलेली रंगीत फुलं असलेले. शिवाय डोंगरातला ओवा, सेजची पानं, कॅरोबच्या शेंगांची काकवी. एक आजी आमच्या बरोबरीने वरपर्यंत चढली, धाप न लागता. मी दोन रुमाल घेतले, तिने माझ्या गालाला हात लावून तिसरा वहिनीच्या डोक्यावर स्वतः बांधून दिला. धक्क्यावर घरी केलेलं आइस्क्रीम मिळतं. पीच आणि हेझलनटचं खा.

रात्री दिवे गेले. आमच्या पान्सियोनच्या, म्हणजे घरगुती निवासाच्या, मालकीणबाईंनी ओट्यावर मेणबत्त्या लावल्या आणि सेजचा चहा आणला. त्यांची मुलगी कॉलेजात शिकते, तिचं इंग्रजी चांगलं. मी भूकंपाबद्दल विचारलं तेव्हा ती आधी आईकडे वळली. त्यांच्या नात्यातलं एक कुटुंब इस्केंदेरुनला राहतं. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर तिथला किनारा खचला आणि समुद्र रस्त्यांवर आला. नातेवाइकांनी फोनवर सांगितलं होतं, दुकानांच्या शटरपर्यंत पाणी आहे आणि ते ओसरत नाही. त्याआधी १७ ऑगस्ट १९९९ च्या भूकंपात मार्माराच्या काठी देइर्मेनदेरे गावाचा किनारा, बागेसकट आणि हॉटेलसकट, समुद्रात सरकला. म्हणजे आम्ही काल काचेतून जे बघितलं ते या मायलेकींसाठी जुनं नव्हतंच. मुलगी म्हणाली, "पर्यटक विचारतात, इथे राहायला भीती नाही वाटत? आम्ही कुठे जाणार? आमची बोट इथे आहे."

मी त्यांना किल्लारीचं सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, पहाटे चारच्या सुमाराला. गणपती बोळवून दमून झोपलेली गावं. मातीच्या जाड भिंती, माळवदं. जवळपास दहा हजार माणसं गेली. मुलगी आईला एकेक वाक्य तुर्कीत सांगत होती आणि आई माझा हात धरून बसली होती. आमच्याकडे गावं नव्या जागी हलवली, आखीव रस्त्यांवर सारखी घरं बांधली आणि तरी कितीतरी जण जुन्या गावठाणातल्या देवळाला सणावाराला जात राहिले, हेही सांगितलं. त्यावर मालकीणबाईंनी जे म्हटलं ते मुलीने असं सांगितलं : "देव जिथे असतो तिथे जावंच लागतं."

मंगळवार, आपेर्ली

वारा पडला, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. कप्तान सकाळी आठला स्वतः बोलवायला आले. केकोवाच्या खाडीच्या पश्चिम टोकाला त्यांनी आम्हाला उतरवलं. तिथून एक चिंचोळी भूमी ओलांडून अर्ध्या तासात पलीकडच्या समुद्रावर आपेर्लीला पोचता येतं. ही वाट लिसियन वे या पाचशे किलोमीटरहून लांब पायवाटेचा भाग आहे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा दगडांवर रंगवलेल्या आहेत, चुकायची भीती नाही. पाणी आणि टोपी मात्र सोबत हवीच, वाटेत सावली नाही.

माझ्या मते या सगळ्या परिसरात बघण्यासारखी पहिली जागा आपेर्ली, आणि तिथे आम्ही चौघं आणि शेळ्यांचा एक कळप यांच्याखेरीज कुणी नव्हतं. टेकडीवरून तटबंदी उतरत येते, शवपेट्या विखुरलेल्या आहेत, चर्चच्या भिंती उभ्या आहेत आणि मग गाव तसंच पुढे पाण्यात जातं. काठावर उभं राहिलं की गुडघाभर, कंबरभर नितळ पाण्याखाली खोल्यांच्या पायांच्या रेषा स्पष्ट दिसतात. एक रांग, मध्ये गल्ली, पुन्हा रांग. भूमितीच्या वहीतली आकृती असावी इतकं सरळ. नवऱ्याने काठाकाठाने चालत पावलांनी एका खोलीची लांबी मोजली आणि म्हणाला, "आपल्या स्वयंपाकघराएवढी आहे."

या गावाचा धंदा होता जांभळा रंग. म्यूरेक्स जातीच्या समुद्री गोगलगायीपासून निघणारा, राजवस्त्रांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका रसायनशास्त्रज्ञाने बारा हजार गोगलगायींपासून तो काढून पाहिला, मिळाला अवघा १.४ ग्रॅम. आपेर्लीत त्या ठेचलेल्या शिंपल्यांचे थर अजून जमिनीत आहेत. मी वाकून पाहिलं तर पायाखालची माती म्हणजे अर्धी शिंपल्यांची चुरी होती. रॉबर्ट होलफेल्डर आणि रॉबर्ट व्हान या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात इथल्या पाण्याखालच्या भागाची पाहणी केली, तेव्हा गोगलगायी जिवंत साठवण्याचे हौदही सापडले. या धंद्याला भयंकर दुर्गंधी यायची आणि बहुधा म्हणूनच हे गाव असं आडबाजूला वसलं. जवळपास पाणी नाही, शेती नाही, चांगलं बंदरही नाही, पण रंगाच्या जोरावर गावाने स्वतःची नाणी पाडली आणि सिमेनासारख्या शेजारच्या गावांच्या छोट्या संघाचं पुढारपण केलं.

काठावर एक खाणावळ आहे, बोटीने आणि पायी येणाऱ्यांसाठी. पालेभाजी आणि चीज भरलेली ग्योझलेमे, म्हणजे पातळ पोळी, तव्यावरून थेट ताटात, सोबत खारट ताक. आम्ही दुपारपर्यंत तिथेच होतो. शिंपल्याचा किंवा खापराचा तुकडासुद्धा खिशात घालू नका. तुर्कस्तानात पुरातन वस्तू बाहेर नेणं गंभीर गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

बुधवार, देमरे

देमरेला पोचायला दोलमुश, म्हणजे तिथली छोटी प्रवासी बस, मिळाली. हे गाव काचघरांचं आणि टोमॅटोचं. प्राचीन मायराची खडकात कोरलेली थडगी आणि रोमन नाट्यगृह यांच्यासाठी बसच्या बस येतात, त्याबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं, म्हणून मी लांबवत नाही. सांता क्लॉजच्या मागे ज्यांची गोष्ट आहे ते संत निकोलस चौथ्या शतकात मायराचे बिशप होते. त्यांच्या चर्चमध्ये जायला पायऱ्या उतराव्या लागतात, कारण नदीच्या गाळाने जमीनच कित्येक मीटर वर आली. त्यांच्या अस्थी १०८७ मध्ये इटलीच्या बारी शहरी नेण्यात आल्या.

मला स्वतःला आंद्रियाके जास्त भावलं. मायराचं हे बंदर. रोमन बादशहा हेड्रियनच्या काळात बांधलेलं भलंमोठं धान्यकोठार अजून उभं आहे आणि आता त्यातच लिसियाचं संग्रहालय आहे. कोठाराच्या दारातून बाहेर पाहिलं तर पूर्वी जिथे जहाजं लागत तिथे दलदल आणि बोरू. पंचवीस-तीस किलोमीटरच्या टापूत एक गाव समुद्राने घेतलं आणि एका बंदराला समुद्रच सोडून गेला. दोन्ही एकामागोमाग एक बघायला मिळतात ते इथेच. संग्रहालय सकाळी उघडल्या उघडल्या गाठा, आवारात ऊन फार तापतं.

देमरेच्या खाणावळीत निळा खेकडा मिळतो. दादाने आणि नवऱ्याने तो ताव मारून खाल्ला. आम्ही दोघींनी अंड्या-टोमॅटोचं मेनेमेन मागवलं. त्यातला टोमॅटो शेजारच्या काचघरातला, त्याच दिवशी तोडलेला, आणि ते चवीला कळत होतं.

गुरुवार, रोडियापोलिस

अंताल्याच्या वाटेवर कुमलुजा लागतं आणि त्याच्यावरच्या टेकड्यांत रोडियापोलिस आहे. इथे समुद्र नाही, बुडालेलं काहीच नाही. तरी मला इथे यायचंच होतं, ओप्रामोआससाठी.

इसवी सन १४१ च्या सुमाराला लिसियात प्रचंड भूकंप झाला. गावंच्या गावं पडली. रोडियापोलिसचा ओप्रामोआस हा त्या भागातला गडगंज श्रीमंत. त्याने स्वतःच्या तिजोरीतून तीसेक गावांना उभं राहायला पैसे दिले. कुठे नाट्यगृह, कुठे स्नानगृह, कुठे देऊळ. मायराचाही त्यांत समावेश होता. त्याच्या थडग्याच्या भिंतींवर या देणग्यांची नोंद कोरलेली आहे. लिसियात सापडलेल्या सर्वांत लांब शिलालेखांपैकी हा एक. त्यात नगरसंघाचे ठराव आहेत आणि सम्राट अँटोनायनस पायसची पत्रंही.

छोट्या नाट्यगृहाच्या समोरच ते स्मारक आहे. कोसळलेले दगड गोळा करून मांडलेले. एका ठोकळ्यावरची अक्षरं नखाएवढी, ओळी अगदी जवळजवळ आणि कोरणाऱ्याचा हात कुठेही घसरलेला नाही. मला ग्रीक येत नाही. पण नावामागून नाव, गावामागून गाव असं काहीतरी आहे हे बघूनही समजतं. आमच्याकडे पुनर्वसित गावांच्या कमानींवर आणि शाळांच्या भिंतींवर दात्यांच्या नावाच्या पाट्या आहेत. लहानपणी बसमधून जाताना मी त्या मोठ्याने वाचायचे. इथे मी तशीच एकेक ठोकळ्यापाशी थांबत गेले. दादा म्हणाला, "काय वाचतेस?" मी म्हटलं, यादी.

केकोवाला जाणाऱ्या मराठी माणसांपैकी इथे क्वचितच कुणी येत असेल. कुमलुजाहून टॅक्सी करावी लागते आणि तिला थांबवून ठेवावं लागतं, वर वाहन मिळत नाही. शेवटचा रस्ता चढाचा आणि वळणांचा, पण गाडी अवशेषांच्या अगदी जवळ जाते. फिरायला दीड तास पुरतो, शिलालेखासाठी आणखी अर्धा तास ठेवा. सकाळचं ऊन तिरपं असताना गेलात तर अक्षरांच्या खाचांत सावली धरते आणि ती नीट दिसतात. दुपारी दगड नुसता पांढरा पडतो. उतरताना डाव्या हाताला एका शेतकऱ्याचा मांडव लागतो. तिथे डाळिंबाचा रस काढून देतात, आंबट-गोड, बर्फाशिवाय. तिथूनच आम्ही अंताल्याची बस पकडायला निघालो.